कमानीवर कोणतं साल कोरायचं? कॉलनीचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. नाशिकला गंगापूर रोडच्या आत, आनंदवली शिवारात तुमची बावीस प्लॉटची कॉलनी आहे. कमानीवर ‘स्थापना १९७६’ कोरलंय, म्हणून यंदा सुवर्णमहोत्सव ठरला आणि स्मरणिकेचं काम तुमच्या गळ्यात पडलं. आता एक गट म्हणतो, सोसायटीची नोंदणी १९७९ची, मग घाई कसली? तळमजल्यावरचे काका म्हणतात, आम्ही १९७४ लाच पैसे मोजलेत, पावती दाखवू का? आणि कुणीतरी पहिल्या पानासाठी शूर्पणखेच्या नाकापासून सुरू होणारा मजकूर धाडलाय. साल कोणतं छापायचं आणि इतिहास शोधायचा कुठे, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली सव्वीस वर्षं नाशिकमध्ये मिळकतींचे शोध अहवाल लिहिते. खरेदी किंवा बँकेचं कर्ज असलं की जमीन कुणाकडून कुणाकडे आली, मध्ये कुणाचा हक्क राहून गेला का, हे कागद चाळून सांगायचं. इतिहासकार म्हणवून घेणार नाही. पण नाशिकच्या निम्म्या कॉलन्यांचं जातक माझ्या टेबलावरून गेलंय, त्या अनुभवावर सांगते.

शूर्पणखेला पंचवटीतच राहू द्या. तुमच्या बावीस प्लॉटांवर पन्नास-बावन्न वर्षांपूर्वी शेत होतं. ते नांगरणारं एक कुटुंब होतं, बांध होते, बहुधा विहीर होती. तिथून सुरुवात केलीत तर पहिलं पान तुमच्या कॉलनीचं होईल. नाहीतर तोच मजकूर नाशिकमधल्या कुठल्याही मंडळाच्या स्मरणिकेत खपून जातो.

सालाच्या भांडणाचं म्हणाल तर तिन्ही गट खरं बोलत असण्याची शक्यता दांडगी आहे. त्या काळी क्रम साधारण असा असायचा. शेतकऱ्याशी बोलणी होऊन साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार व्हायचा, लोक इसार म्हणून आगाऊ रक्कम भरायचे. मग ले-आऊट मंजूर होऊन कलेक्टर कचेरीतून बिनशेतीचा आदेश, म्हणजे शेतजमिनीवर घरं बांधायची परवानगी निघायची. त्यानंतर खरेदीखतं, आणि चार घरं उभी राहून नळ, दिवे, रस्त्याची अडचण सुरू झाली की सोसायटी. काकांची १९७४ची पावती साठेखताची असेल, १९७६ बिनशेतीचं असेल आणि १९७९ उपनिबंधकांकडच्या नोंदणीचं. ‘असेल’ म्हणतेय, कारण तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत. पण ही तीन सालं अशी ओळीनं लागलेली मी इतक्या वेळा पाहिलीत की उलटा क्रम निघाला तर मलाच नवल वाटेल.

सोसायटी मागाहून का होते, यालाही कारण आहे. एचडीएफसी सुरू झाली १९७७ मध्ये. त्याआधी नोकरदार माणसाला घरासाठी पैसा मिळायचा तो मुख्यतः एलआयसीकडून, कंपनीकडून किंवा सहकारी गृहनिर्माण वित्त महामंडळाकडून, आणि महामंडळाचं कर्ज यायचं सोसायटीमार्फत. त्यामुळे कधी सोसायटी सहकाराच्या ध्येयानं झाली, कधी निव्वळ कर्जासाठी. जुनं प्रोसीडिंग बुक सापडलं तर पहिल्या सभेचे ठराव वाचा, दोन मिनिटांत कळेल.

आता कागद कुठले काढायचे ते वसाहतीच्या प्रकारावर ठरतं. सिडकोत राहात असतात तर गोष्ट वेगळी होती. तिथं जमीन संपादन करून योजना पाडल्या, घरं बांधून वाटली, जमीन भाडेपट्ट्याची ठेवली. लोक अजूनही पत्ता सांगताना ‘पहिली योजना’, ‘पाचवी योजना’ असंच म्हणतात. तिथला इतिहास वाटपपत्रात आहे. शहरालगतच्या काही भागांत नगररचना योजना झाल्या, तिथल्या खरेदीखतात सर्व्हे नंबराच्या जोडीला ‘अंतिम भूखंड क्रमांक’ दिसतो. नाशिकरोडला नेहरूनगर सरकारी छापखान्याच्या कामगारांचं. आणि गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनीवरच्या वस्त्यांचा इतिहास बहुतेक वेळा शंभराच्या स्टॅम्पवर आणि पुढाऱ्यांच्या आश्वासनांत सापडतो. तुमची कॉलनी यातली वाटत नाही. मालकी शेतजमिनीवर पडलेला खासगी ले-आऊट, असं धरून पुढचं लिहिते.

पहिला कागद जुना हस्तलिखित सात-बारा. आजचा संगणकीय उतारा इथं कामाचा नाही. बहुतेक लोक सातचा भाग वाचतात, मालक कोण ते बघतात आणि कागद ठेवून देतात. तुम्ही खालचा बारा वाचा, पीकपाहणी. एका शेजारच्याच शिवारातली फाईल आठवते. सुरुवातीला वर्षानुवर्षं बाजरी, गहू, हरभरा. जलसिंचनाच्या रकान्यात ‘विहीर’. मग अचानक द्राक्ष, सलग काही वर्षं. मग एके वर्षी तलाठ्याच्या तिरक्या अक्षरात ‘गवत पड’. पुढच्या वर्षीही पड. त्याच्या पुढच्या वर्षी रकान्यात आडवी रेघ आणि ‘बिनशेती’. बागाईत जमीन दोन वर्षं पड कशी राहते? विहिरीला पाणी होतं, दुष्काळही नव्हता. इसार घेतलेला होता, म्हणून. शेतकऱ्यानं मनातून जमीन सोडून दिली होती. ज्या वर्षी ‘पड’ आलं, त्या वर्षी ती कॉलनी सुरू झाली असं मी मानते. कोर्टात हे मत टिकणार नाही, स्मरणिकेत टिकायला हरकत नाही.

सातच्या भागात ‘इतर हक्क’ नावाचा रकाना मात्र सोडू नका. तिथं ‘कुळ कायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असं काही दिसलं तर गोष्ट आणखी मागे जाते. १ एप्रिल १९५७ हा कुळ कायद्यातला कृषकदिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्यानं खरेदीदार ठरलं. म्हणजे ज्याच्याकडून तुमच्या वडिलांच्या पिढीनं प्लॉट घेतला, तो माणूस स्वतः जेमतेम वीस वर्षांपूर्वी त्या जमिनीचा मालक झालेला असू शकतो. त्याआधी मालक जुन्या नाशकातल्या वाड्यातले कुणी सावकार किंवा इनामदार, आणि तो मळ्यात राबणारा. त्याच रकान्यात नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचाही शेरा असू शकतो. शहरात एकाकडे किती मोकळी जमीन असावी यावर मर्यादा घालणारा तो कायदा १७ फेब्रुवारी १९७६चा. तुमच्या कमानीवरचं साल तेच आहे, हा योगायोग असेलही. पण त्या वर्षी शहरालगतचे जमीनमालक हातातली मोकळी जमीन निकाली काढण्याच्या किंवा तिला सूट मिळवण्याच्या मागे लागले होते, एवढं लक्षात ठेवून तारखा ताडून पाहा. तो कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला, शेरे अजून उताऱ्यांवर आहेत.

दुसरा कागद कॉलनीतलं सगळ्यात जुनं खरेदीखत. त्यातला किंमत-भरणा वगळा, चतुःसीमा वाचा. पहिल्या खतात असतं: ‘पूर्वेस – गाडीवाट, पश्चिमेस – अमुक यांचा मळा, दक्षिणेस – नाला.’ पंधरा वर्षांनी त्याच प्लॉटच्या दुसऱ्या खतात येतं: ‘पूर्वेस – कॉलनी रस्ता, पश्चिमेस – प्लॉट नं. ७, दक्षिणेस – मोकळी जागा.’ नाला गेला कुठे? पावसाळ्यात ज्या दोन बंगल्यांच्या पोर्चमध्ये पाणी शिरतं, त्यांना विचारा.

त्याच खतात खरेदीदाराचं वय, धंदा आणि राहण्याचं ठिकाण असतं. ‘वय ३४, धंदा नोकरी, रा. मेन रोड, नाशिक.’ ‘वय ४१, धंदा नोकरी, रा. पंचवटी.’ बावीस खतांमधल्या या तीन गोष्टींचा एक तक्ता केलात की लोक कुठून आणि का आले हे आपोआप मांडलं जाईल. माझ्या पाहण्यात दोन प्रवाह ठळक आहेत. एक वाड्यांतून बाहेर पडलेला. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, मालकानं डागडुजी सोडली, वाटण्या होऊन एकेका खोलीत एकेक संसार आला. त्यात गंगेचा, म्हणजे गोदावरीचा पूर. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर नाशिक पूर मोजतं, आणि १९६९च्या पुरानं तर काठच्या माणसांना उंचावरच्या जागेची किंमत कळली. दुसरा प्रवाह कारखान्यांचा. १९६२ मध्ये सातपूरची औद्योगिक वसाहत आली, १९६४ मध्ये ओझरला विमानाचा कारखाना. पुढं मायको, महिंद्र. पहिल्या पाळीला सातपूरला सायकलवर जाता येईल इतकी जवळची, आणि पगारात बसेल इतकी लांबची जमीन लोक शोधत होते. गंगापूर रोडच्या आतली शेतं त्या मापात बसली. गंगापूर धरणही १९६५ मध्ये पुरं झालेलं, त्यामुळे या बाजूला पाण्याची चिंता कमी, असा हिशेब जुनी माणसं सांगतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा कागद तिसरा. भूमी अभिलेख कार्यालयातलं टिपण. शेताची मूळ मोजणी, शंकू साखळीनं केलेली. एक साखळी म्हणजे ३३ फूट, तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणतात. साखळी गुणिले साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. टिपणावर शेताच्या कडा आणि त्यांची मापं असतात, बाकी काही नाही. हा नकाशा तुमच्या ले-आऊटवर, एका मापाला आणून, ट्रेसिंग पेपरवर ठेवा.

मी हे पहिल्यांदा केलं ते एका हद्दीच्या वादात. कॉलनीतला रस्ता सरळ येऊन मध्येच डावीकडे हात-दोन हात झुकत होता. सगळे सांगायचे, तिथं मोठं कडुनिंबाचं झाड होतं म्हणून रस्ता वळवला. मीही तेच मानलं होतं. टिपण ठेवल्यावर दिसलं की रस्ता बांधाच्या रेषेवर बसलाय. भावांच्या वाटणीत कधीकाळी पडलेला तो बांध, त्यावरूनच गाडीवाट गेली, ले-आऊट करणाऱ्यानं तीच रस्ता म्हणून दाखवली. झाडही खरं होतं. ते बांधावर होतं.

हे एकदा दिसायला लागलं की गंगापूर रोडचा अख्खा पट्टा वेगळा वाचता येतो. तुमच्या कॉलनीचा रस्ता शेजारच्या कॉलनीच्या रस्त्याशी दहा-पंधरा फुटांनी का चुकतो? टोकाला कंपाउंडला धडकून का थांबतो? कारण शहर इथं एका आराखड्यानं आलं नाही, शेत-शेत करत आलं. ज्या शेतकऱ्यानं विकलं त्याच्या हद्दीपुरता ले-आऊट, पलीकडचा तयार नसला की रस्ता तिथंच संपला. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची गावं एकत्र करून महापालिका झाली १९८२ मध्ये, तिचा विकास आराखडा मंजूर झाला १९९३ मध्ये. तोवर तुमच्यासारख्या कॉलन्यांचे रस्ते पडून गेले होते. आराखड्यानं पुढं जोडरस्ते दाखवले, पण कुणाच्या तरी बाल्कनीतून रेघ गेली की काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मखमलाबादला अलीकडे सगळ्या शेतांचा एकत्र आराखडा करून मग प्लॉट पाडायचा घाट घातला गेला, तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला. त्यांची बाजू मला कळते. पण तुमच्या गल्लीत अग्निशमनची गाडी मागे घेताना बघितली की दुसरी बाजूही कळते.

चौथा कागद फारसा कुणाला सुचत नाही: घरपट्टी. तुमचा भाग तेव्हा ग्रामपंचायतीत असेल तर नमुना नंबर आठ, त्यानंतर महापालिकेचा असेसमेंट उतारा. पहिली आकारणी कोणत्या घराची, कोणत्या वर्षी, छप्पर पत्र्याचं की स्लॅबचं, हे तिथं मिळतं.

इथं माझी फजिती सांगते. एका कॉलनीच्या कार्यक्रमात मला बोलावलं होतं. असेसमेंट उतारा पाहून मी व्यासपीठावरून सांगून मोकळी झाले की पहिलं घर अमुक प्लॉटवरचं, अमुक सालचं. समोरच्या रांगेतल्या एक आजी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “ताई, त्याच्या आधी दोन वर्षं आम्ही इथं पत्र्याच्या खोलीत राहात होतो. सिमेंटची पोती राखायला.” सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, खुल्या बाजारात त्यातलं थोडं सुटलं ते १९८२ मध्ये. परमिटचं सिमेंट एकदम यायचं, भिजलं किंवा चोरीला गेलं तर संपलं. म्हणून नवरा-बायको, दोन मुलं आणि चाळीस पोती एका खोलीत. पोती भिंतीपासून वीतभर लांब, फळ्यांवर रचायची, रात्री पाऊस आला की आधी पोत्यांवर ताडपत्री आणि मग मुलांवर गोधडी. यातलं काहीही कुठल्याही उताऱ्यात नव्हतं. पत्र्याच्या खोलीची आकारणी कुणी केलीच नव्हती. तेव्हापासून मी कागद काढून झाले तरी माणसांकडे गेल्याशिवाय तोंड उघडत नाही.

नावांबद्दल एक छोटी गोष्ट, कारण तुम्ही ‘आमच्या भागाला इतिहासच नाही’ असं लिहिलंय. आनंदवली हे नाव रघुनाथराव पेशव्यांच्या आनंदीबाईंवरून आलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. शरणपूर रोडवरून तर आपण रोज जातो. १८५०च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवलेलं ते गाव. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं आणून शिकवली, सुतारकी-लोहारकी दिली. त्यांतलाच जेकब वेनराइट. प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि पुढच्या वर्षी लंडनला अंत्यविधीलाही. नाशिकला शिकलेला मुलगा. त्या रस्त्यावर आज मोबाइलची दुकानं आहेत आणि नावाचा अर्थ कुणी विचारत नाही. तुमच्या कॉलनीच्या नावाचंही पाहा. पुष्कळदा ते जमीनमालकाच्या आईचं, मुलीचं किंवा कुलदैवताचं असतं, आणि ठरलेलं असतं साठेखताच्या बैठकीत.

कागद मिळवण्याचं थोडक्यात. जुने सात-बारा आणि फेरफार (मालकी-हक्क बदलल्याच्या नोंदी) स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत, सर्व्हे नंबर माहीत असला तर घरबसल्या दिसतात, पण ‘पैकी’ आणि हिस्सा नंबरात घोळ होतो, म्हणून फेरफार क्रमांकाचा माग काढत एकेक पायरी मागे जा. फार जुनी पानं मोडीत असतील, वाचणारी माणसं नाशकात आहेत. टिपण आणि फाळणी नकाशासाठी (शेताचे हिस्से पाडल्याचा नकाशा) भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज आणि नक्कल फी. बिनशेती आदेशाची प्रत कुणाच्या तरी बँकेच्या फाईलमध्ये नक्की असते, आधी कॉलनीत विचारा, मग कचेरीत जा.

हे करताना आणखी एक उतारा काढाच, स्मरणिकेसाठी नव्हे. मोकळ्या जागेचा. ले-आऊटमध्ये साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडलेली असते, तुम्ही तिथं मंदिर किंवा बाकं केली असतील. रस्ते आणि ही जागा कितीतरी कॉलन्यांत अजून मूळ शेतकऱ्याच्या नावावर राहिलेली आहे, कारण हस्तांतर करून घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. पन्नास वर्षांनी वारस नोंद लागते, नातवंडं उतारा घेऊन येतात आणि कॉलनीला धक्का बसतो. नातवंडांचा दोष नाही, उताऱ्यावर आजोबांचंच नाव आहे. तसं निघालं तर सुवर्णमहोत्सवाच्या वर्गणीतले थोडे पैसे वकिलाच्या फीसाठी बाजूला ठेवा. जमल्यास त्या कुटुंबाला कार्यक्रमाला बोलवा. मी पाहिलेल्या एकाही स्मरणिकेत शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाचा फोटो नाही.

तर साल. बिनशेतीचा आदेश खरोखर १९७६चा निघाला तर कमान तशीच राहू द्या आणि यंदाच साजरं करा. आत पहिल्या पानावर चारही सालं छापा: इसार, बिनशेती, पहिलं बिऱ्हाड, सोसायटी. काकांच्या पावतीचा फोटो तिथंच घाला, निम्मं भांडण मिटेल. आदेश दुसऱ्याच सालचा निघाला तर आधी कमानीवरचं साल कुणी आणि कशावरून कोरलं ते शोधा. एका ठिकाणी ते साल पेंटरनं शेजारच्या कॉलनीचं बघून लिहिलेलं निघालं होतं.

आणि कागदांच्या मागे लागण्याआधी, या रविवारीच, कॉलनीत जे कुणी सत्तरीच्या पुढचे आहेत त्यांच्याकडे जा. ले-आऊटची झेरॉक्स आणि पेन्सिल न्या. त्यांना सालं विचारू नका, सालं सगळे चुकवतात. विहीर कुठे होती, एवढंच विचारा आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्या.